नकाशावरची रेघ वेळेत पडायला हवी

नमस्कार मंडळी. विषय तुम्ही पाटीवर वाचलाच असेल, प्रादेशिक पायाभूत सुविधा, घरं आणि रोजगार. नाव जड आहे, पण गोष्ट रोजच्या जगण्यातली आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

एक माणूस डोळ्यासमोर आणा. तो एका गावात झोपतो, दुसऱ्या गावात कामाला जातो, त्याच्या नळाला येणारं पाणी तिसऱ्या हद्दीतल्या धरणातून येतं, त्याचं सांडपाणी चौथ्या हद्दीतल्या केंद्रात जातं, आणि त्याच्या घरातला दिवा ज्या सबस्टेशनवर पेटतो ते पाचवीकडेच कुठेतरी असतं. ह्या माणसाचा एक दिवस पाच प्रशासनांच्या हद्दीतून जातो आणि पाचही ठिकाणी प्लॅन वेगवेगळा बनतो, वेगवेगळ्या वर्षी बनतो, वेगवेगळ्या टेबलावर बनतो. आपण रिजन रिजन म्हणतो तो म्हणजे हेच, ह्या माणसाचा दिवस जेवढ्या जागेत मावतो तेवढी जागा. सरकारी नकाशावरची जाड रेघ ती नव्हे.

ही जागा किती मोठी असते ह्याचा अंदाज घ्यायला एक निरीक्षण उपयोगी पडतं. याकोव्ह झहावी नावाचे वाहतुकीचे अभ्यासक होते, त्यांनी सत्तरच्या दशकात वेगवेगळ्या शहरांतल्या लोकांच्या प्रवासाचा हिशोब मांडला, पुढे चेझारे मार्केट्टी ह्या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ साली तोच धागा लांब नेला. सरासरीने माणूस दिवसाचा साधारण एक तास ये-जा करण्यात घालवतो. पायी होता तेव्हाही तासभर, ट्रेन आली तेव्हाही तासभर. वेग वाढला की माणूस वेळ वाचवत बसत नाही, लांब राहायला जातो. हे सरासरीचं बोलतोय, दोन-दोन तास एका बाजूला घालवणारे लोक आहेतच, आणि ते हौसेने नाही घालवत, जवळचं घर परवडत नाही म्हणून घालवतात. पण ह्याचा अर्थ प्लॅनिंगवाल्यांसाठी फार मोठा आहे. तुम्ही एखादा वेगवान मार्ग टाकता तेव्हा तुम्ही नुसता रस्ता किंवा रूळ टाकत नसता, घरं कुठे होणार आणि नोकरीसाठी कोण कुठपर्यंत पोचू शकणार हे ठरवत असता, मग त्या प्रकल्पाच्या कागदावर घर हा शब्द असो वा नसो.

आता घरांकडे येतो. घरांची चर्चा बहुतेक वेळा आकड्यावर सुरू होते आणि आकड्यावरच संपते, इतकी लाख घरं बांधायची, इतक्या वर्षांत बांधायची. आकडा हवाच, मी आकड्याच्या विरोधात नाही. पण घर म्हणजे चार भिंती आणि छत एवढंच असतं तर प्रश्न कधीच सुटला असता. घराला पाणी लागतं, मलवाहिनी लागते, वीज लागते, शाळा लागते, दवाखाना लागतो, आणि ह्यातलं एक जरी अडकलं तरी तयार इमारत नुसती उभी राहते.

लंडनचं उदाहरण सांगतो, फार जुनं नाही, २०२२ सालचं. शहराच्या पश्चिमेकडच्या हिलिंग्डन, ईलिंग आणि हाउन्स्लो ह्या तीन भागांत मोठे गृहप्रकल्प करणाऱ्यांना असं कळवलं गेलं की विजेचं नवं मोठं कनेक्शन मिळायला काही ठिकाणी २०३५ पर्यंत थांबावं लागू शकतं. लक्षात घ्या, जमीन होती, परवानगी मिळू शकत होती, घरांची गरज तर त्या शहरात प्रचंड आहे. मग वीज गेली कुठे? त्या पट्ट्यातून एम-४ हा महामार्ग जातो आणि त्याला लागून समुद्रापलीकडे जाणाऱ्या फायबर केबलचं जाळं आहे, म्हणून तिथे डेटा सेंटर्स, म्हणजे इंटरनेटची माहिती साठवणाऱ्या कॉम्प्युटरांच्या इमारती, येत गेली आणि मोठ्या डेटा सेंटरला एखाद्या छोट्या शहराएवढी वीज लागू शकते. त्यांनी रीतसर अर्ज केले, नंबर लावला, ग्रिडमधली, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्यातली, शिल्लक क्षमता बुक झाली. कुणी नियम मोडला नाही. वीजवाल्यांनी नियमाप्रमाणे आधी येईल त्याला आधी दिलं, उद्योगवाल्यांनी गुंतवणूक आणली, घरवाल्यांनी घरांचं टार्गेट ठेवलं, आणि तिघं आपापल्या जागी बरोबर असताना रिजन म्हणून मात्र आपण चुकलो. पुढे छोट्या कनेक्शनसाठी काही तात्पुरते मार्ग काढले गेले, पण मूळ मुद्दा तसाच आहे की घर आणि उद्योग एकाच तारेवर अवलंबून आहेत हे कुणाच्याच आराखड्यात एकत्र लिहिलेलं नव्हतं.

पाण्याचं उदाहरण अमेरिकेतल्या ॲरिझोनाचं. वाळवंटी राज्य आहे ते. तिथे १९८० साली भूजलाचा कायदा झाला आणि त्यात एक अट अशी की मोठ्या शहरी पट्ट्यांमध्ये नवा लेआउट विकायचा असेल तर पुढच्या १०० वर्षांचं पाणी कुठून येणार हे आधी दाखवा. शंभर वर्षं! मला हा कायदा पहिल्यांदा वाचला तेव्हा फार आवडला, कारण घर विकत घेणारा माणूस भूगर्भात डोकावून बघू शकत नाही, ते काम त्याच्या वतीने कुणीतरी करायला हवं. २०२३ च्या जून महिन्यात राज्याने फीनिक्स परिसराच्या भूजलाचा नवा हिशोब मांडला आणि त्यात शंभर वर्षांच्या गरजेच्या सुमारे ४ टक्के तूट दिसली, तेव्हा फक्त भूजलावर विसंबून असलेल्या नव्या लेआउटना मंजुरी थांबवली. आधी मंजूर झालेले चालू राहिले, आणि ज्यांच्याकडे नदीचं किंवा शुद्ध केलेलं सांडपाणी अशी दुसरी सोय होती त्यांचंही चालू राहिलं. फटका कुणाला बसला तर शहराच्या कडेला, जिथे जमीन स्वस्त आणि म्हणून घरं परवडणारी, तिथल्या वाढीला. आता ह्यावर घरवाले म्हणतात कायदा कडक आहे. मला तसं वाटत नाही. कायद्याने फक्त खरं काय ते सांगितलं, चूक होती ती नव्या पाण्याची सोय आणि नवे लेआउट ह्यांची सांगड वीस-तीस वर्षं आधी न घालण्यात. पाणी आणायला वेळ लागतो, घर दोन वर्षांत उभं राहतं. हा जो वेळेचा फरक आहे ना, पाणी, मलवाहिनी, वीज, रेल्वे ह्यांना लागणारी दहा-पंधरा-वीस वर्षं आणि घराला किंवा ऑफिसला लागणारी दोन-तीन वर्षं, ह्या फरकातच रिजनल प्लॅनिंगचं सगळं दुखणं आहे. जे हळू होतं ते आधी सुरू करावं लागतं, आणि आपण नेमकं उलटं करतो, जे पटकन होतं त्याचं उद्घाटन आधी करतो.

रोजगाराच्या बाबतीतही हेच. दोन ठिकाणं शेजारी ठेवून बघू.

पहिलं सिंगापूरचं जुरोंग. १९६१-६२ च्या सुमाराला बेटाच्या पश्चिम टोकाला दलदल आणि टेकड्या होत्या, तिथे कारखान्यांसाठी जमीन सपाट करायला घेतली. अर्थमंत्री होते गोह केंग स्वी, त्यांचा हा आग्रह. पहिली काही वर्षं कारखाने फारसे येईनात आणि लोक त्याला ‘गोहचा वेडेपणा’ म्हणायला लागले. एक अडचण अशी होती की कामगारांना तिथे राहायचं नव्हतं, राहण्यासारखं तिथे काहीच नव्हतं, शहरातून रोज जायचं तर अंतर मोठं. मग १९६८ साली जुरोंग टाऊन कॉर्पोरेशन ही स्वतंत्र संस्था काढली, नावातच टाऊन आहे बघा, फक्त इंडस्ट्रियल इस्टेट नाही. तिने कारखान्यांबरोबर घरं, दुकानं, बागा ह्या सगळ्याची जबाबदारी घेतली, १९७१ मध्ये पक्ष्यांचं उद्यान उघडलं, १९७३ मध्ये जपानी बाग. औद्योगिक वसाहत चालवणाऱ्या संस्थेने बाग काढावी हे कुणाला उधळपट्टी वाटेल, मला ते फार शहाणपणाचं वाटतं, कारण माणूस नोकरी बघून एकदा येतो पण बायको-पोरांना घेऊन राहायचं ठरवतो ते संध्याकाळी कुठे जायचं हे बघून. मेट्रो तिथे पोचायला मात्र १९८८ उजाडलं.

दुसरं लंडनचं कॅनरी वॉर्फ. बंद पडलेल्या गोद्यांच्या जागेवर ऐंशीच्या दशकात ऑफिसं उभी करायचं ठरलं. दळणवळणासाठी हलकी रेल्वे बांधली, डीएलआर, १९८७ मध्ये सुरू झाली, आणि ती बांधली होती अगदी बेताची, एका डब्याच्या छोट्या गाड्या, शहराच्या मुख्य भागात थेट पोचायला आणखी चार वर्षं गेली. आणि इकडे ठरलं होतं काय तर युरोपातलं एक मोठं ऑफिस केंद्र. मोठा टॉवर १९९१ ला तयार झाला, नेमकी जागांची बाजारपेठ कोसळलेली, मोठी मेट्रो अजून कागदावर, भाडेकरू यायला तयार नाहीत, आणि १९९२ मध्ये ते बांधणाऱ्या ऑलिंपिया अँड यॉर्क कंपनीने हात टेकले. फक्त रेल्वेमुळे ती बुडाली असं मी म्हणणार नाही, मंदी मोठी होती, पण तिथे पोचायला धड साधन नव्हतं हे कारणांमध्ये वरच होतं. ती मेट्रो, म्हणजे ज्युबिली लाईन, तिथे आली १९९९ ला, आणि त्यानंतर तो भाग खऱ्या अर्थाने भरला, पुढे तिथल्या नोकऱ्या एक लाखाच्या वर गेल्या. डीएलआरच्या गाड्या आधी दोन डब्यांच्या, मग तीन डब्यांच्या कराव्या लागल्या, त्यासाठी चालू रेल्वेवर फलाट लांबवायचे, पूल मजबूत करायचे, म्हणजे प्रवाशांना त्रास देऊन तेच काम दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा करायचं. सुरुवातीला फलाट लांब ठेवायला किती खर्च आला असता? जास्त आला असता हे खरं, पण फलाटाची नुसती जागा राखून ठेवायला तर फार थोडा आला असता. जागा राखण्याचा हा मुद्दा धरून ठेवा, त्यावर मी परत येणार आहे.

बरं, मग काही लोक म्हणतात की घर आणि काम एकाच ठिकाणी ठेवा, प्रश्नच मिटला, चालत जा कामाला. कल्पना सुंदर आहे, मी स्वतः तरुणपणी ह्या कल्पनेचा पक्का भक्त होतो. स्टॉकहोमने हे मनापासून करून बघितलं. तिथल्या महापालिकेने १९०४ पासून शहराबाहेरच्या जमिनी घ्यायला सुरुवात केली होती, म्हणजे गरज पडायच्या किती आधी बघा, आणि त्याच जमिनीवर पुढे मेट्रोच्या मार्गावर उपनगरं वसवली. त्यातलं सगळ्यात नावाजलेलं व्हेलिंगबी, १९५४ मध्ये उद्घाटन झालं. त्याला एबीसी शहर म्हणायचे, स्वीडिश भाषेतल्या काम, घर आणि केंद्र ह्या तीन शब्दांची पहिली अक्षरं. अपेक्षा अशी की तिथे राहणाऱ्यांपैकी निम्मे तरी तिथेच काम करतील.

तसं झालं नाही. राहणारे बहुतेक बाहेर कामाला जायला लागले आणि तिथल्या नोकऱ्यांवर बहुतेक बाहेरचे यायला लागले. पहिल्यांदा ऐकलं की वाटतं, फसलं. पण जरा थांबून बघितलं की कळतं, सकाळी मेट्रो दोन्ही दिशांनी भरलेली जाते. ज्या उपनगरात फक्त घरं असतात तिथून सकाळी ट्रेन खच्चून भरून शहरात जाते आणि रिकामी परत येते, संध्याकाळी त्याच्या उलट, म्हणजे तुम्ही शंभर टक्के खर्च करून जी क्षमता बांधली ती अर्धी वेळ रिकामी पळते. व्हेलिंगबीत तसं होत नाही. आणि माणसाच्या बाजूने बघा, घरात दोघं कमावते असतील तर दोघांच्या नोकऱ्या एकाच उपनगरात कशा सापडणार, त्यात माणूस नोकऱ्या बदलतो, दर वेळी घर थोडंच बदलणार आहे? त्याला खरी गरज असते ती तासाभरात जास्तीत जास्त नोकऱ्यांपर्यंत पोचता येण्याची. म्हणून माझं मत आता असं झालंय की घराशेजारी नोकरी द्यायचा हट्ट सोडावा, आणि स्टेशनशेजारी घर व स्टेशनशेजारी नोकरी हे दोन्ही घट्ट धरावं.

कोपनहेगनने हे कायद्यातच लिहून टाकलंय. त्यांचा १९४७ चा प्रसिद्ध आराखडा आहे, पसरलेल्या हाताच्या पंजासारखा, तळहात म्हणजे जुनं शहर, पाच बोटं म्हणजे रेल्वेच्या कडेने वाढणारी वस्ती, आणि बोटांच्या मधली जागा हिरवी, मोकळी, तिथे बांधायचं नाही. २००७ मध्ये त्याला नवं कायदेशीर रूप दिलं आणि त्यात एक अगदी साधा नियम आहे, १,५०० चौरस मीटरपेक्षा मोठं ऑफिस काढायचं असेल तर ते स्टेशनपासून ६०० मीटरच्या आत हवं. बस, एवढंच. आपण घरांच्या बाबतीत स्टेशनजवळ जास्त बांधकाम हवं हे पुष्कळ बोलतो पण ऑफिसांबद्दल कुणी बोलत नाही, आणि प्रत्यक्षात लोक स्टेशनपासून घर थोडं लांब असलं तर सायकलने येतात, बसने येतात, घरी त्यांची सायकल असते ना. उतरल्यावर कामाच्या टोकाला मात्र त्यांच्या हातात काही नसतं, तिथे चालायचंच असतं. म्हणून नोकरी स्टेशनजवळ असणं हे घर स्टेशनजवळ असण्याहून जास्त महत्त्वाचं आहे असं मला वाटतं, आणि नेमकी तीच मोठी ऑफिसं हायवेच्या कडेला मोकळ्या माळावर जाऊन बसतात.

हायवेचं नाव निघालंच तर थोडक्यात सांगून टाकतो, कारण ह्यावर बोलायला लागलो तर रात्र होईल. अमेरिकेत ह्यूस्टनचा केटी फ्रीवे २००८ पर्यंत रुंद केला, कडेच्या रस्त्यांसकट काही ठिकाणी २६ लेन झाल्या, आणि थोड्याच वर्षांत, २०१४ पर्यंत, गर्दीच्या वेळी लागणारा वेळ पुन्हा वाढलेला दिसला. ड्युरांटन आणि टर्नर ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवून दिलं होतं की शहरी महामार्ग जेवढा वाढतो जवळपास त्याच प्रमाणात त्यावरची गाड्यांची धाव वाढते. रस्ते लागतातच, मालवाहतुकीला लागतात, बसला लागतात. पण रस्ता रुंद करून गर्दी हटेल ह्या आशेवर रिजनची वाढ उभी करू नका, एवढंच.

आता पैसा. इथे सगळ्यांचे कान टवकारतात.

हे सगळं बांधायचं कुणाच्या पैशाने? मूळ गोष्ट अशी आहे की जिथे रेल्वे, पाणी, मलवाहिनी येते तिथल्या जमिनीचा भाव वाढतो, आणि तो भाव जमीनमालकाने काही केल्यामुळे वाढलेला नसतो, सगळ्यांच्या पैशाने वाढलेला असतो. त्यातला काही वाटा परत सुविधेकडे वळवला तर चक्र फिरतं. जपानमध्ये कोबायाशी इचिझो नावाचे एक उद्योजक होते, त्यांनी ओसाकाच्या बाहेर एक रेल्वे बांधली, १९१० मध्ये सुरू झाली, आणि ती जात होती अशा भागातून जिथे प्रवासीच नव्हते. त्यांनी रुळाच्या कडेची जमीन आधीच घेऊन ठेवली होती, त्याच वर्षी इकेदा इथे त्यावर घरं बांधून मध्यमवर्गाला मासिक हप्त्यांवर विकली, दुसऱ्या टोकाला ताकाराझुकात गरम पाण्याचं स्नानगृह आणि १९१४ पासून नाटकांचे प्रयोग, आणि शहराकडच्या टोकाला, उमेदा स्टेशनवर, १९२९ मध्ये डिपार्टमेंट स्टोअर. म्हणजे घरं, करमणूक, खरेदी, सगळं रुळाच्या दोन टोकांना आणि मध्ये, जेणेकरून गाडी दिवसभर दोन्ही बाजूंनी भरलेली जाईल. रेल्वे आणि वस्ती एकाच वहीत लिहिली. हाँगकाँगची मेट्रो पुढे साधारण ह्याच धर्तीवर गेली, सरकार तिला स्टेशनवरच्या आणि भोवतालच्या जागेचे बांधकाम हक्क रेल्वे येण्याआधीच्या भावाने देतं, बांधकाम करणारे नंतरच्या भावाने पैसे मोजतात, मधल्या फरकातून मार्ग उभा राहतो.

पण थांबा. हे ऐकून बरेच जण म्हणतात, झालं की मग, जमीन विका आणि मेट्रो बांधा. इतकं सोपं नाही. कोपनहेगनमध्येच ओरेस्टाड नावाची नवी वसाहत काढली, १९९२ च्या कायद्याने, जमीन विकून मेट्रोचं कर्ज फेडायचं असा हिशोब, मेट्रो २००२ मध्ये सुरूही झाली, पण जमिनी अंदाजापेक्षा हळू विकल्या गेल्या आणि खर्च अंदाजापेक्षा वाढला, कर्जफेड लांबली. जमिनीचा बाजार वर जातो तसा खाली येतो आणि कर्जाचा हप्ता मात्र दरवर्षी तेवढाच उभा असतो. शिवाय एक नैतिक प्रश्न आहे ज्यावर मी फार अस्वस्थ होतो. जमिनीच्या भावावर रेल्वे चालवायची ठरवलं की भाव चढा राहावा अशी सरकारचीच इच्छा व्हायला लागते, आणि मग परवडणारी घरं कुणी बांधायची? म्हणून जमिनीच्या वाढीव किमतीवर सगळा भार टाकू नये, दोन-तीन झरे असावेत. लंडनच्या एलिझाबेथ लाईन ह्या नव्या रेल्वेमार्गाचा खर्च १८ अब्ज पौंडांच्या वर गेला आणि ती ठरलेल्या २०१८ ऐवजी मे २०२२ मध्ये उघडली, तिच्यात अडचणी पुष्कळ आल्या, पण पैशाची रचना मात्र अभ्यासण्यासारखी आहे. २०१० पासून शहरातल्या मोठ्या व्यावसायिक जागांवर थोडासा जादा कर, २०१२ पासून नव्या बांधकामावर चौरस मीटरमागे आकारणी, तिकिटांचं उत्पन्न, आणि केंद्र सरकारचा वाटा. ज्यांना ज्यांना फायदा होणार होता त्या सगळ्यांनी थोडं थोडं दिलं.

हे सगळं ठीक, पण ठरवणार कोण? पाच हद्दी, पाच टेबलं, हे मी सुरुवातीला म्हटलं. इथे मला अमेरिकेतल्या मिनेसोटाची गोष्ट सगळ्यात जवळची वाटते, कारण ती गटारापासून सुरू होते. मिनीॲपोलिस आणि सेंट पॉल ही जुळी शहरं, भोवती भराभर वाढलेली उपनगरं, प्रत्येक घराला स्वतःची विहीर आणि स्वतःची शोषखड्ड्याची टाकी. १९५९ मध्ये तपासणी झाली तेव्हा उपनगरांतल्या असंख्य विहिरींत सांडपाणी झिरपलेलं आढळलं. कुठलीही एक नगरपालिका हे एकटी सोडवू शकत नव्हती, पाणी हद्द बघून झिरपत नाही. त्यातून १९६७ मध्ये सात काऊंटींसाठी, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांसाठी, मिळून एक मेट्रोपॉलिटन कौन्सिल आली आणि मुख्य मलवाहिन्यांचं काम तिच्याकडे आलं. आता गंमत बघा म्हणणार नाही, महत्त्व बघा म्हणतो, मुख्य मलवाहिनी कुठल्या वर्षी कुठपर्यंत जाणार हे ज्याच्या हातात, वस्ती कुठल्या वर्षी कुठपर्यंत जाणार हे त्याच्याच हातात. नुसता आराखडा छापून जे साधत नाही ते पाईपने साधतं.

आणि मिनेसोटा राज्याने १९७१ मध्ये त्याहून धाडसी गोष्ट केली. प्रत्येक गावाला मोठा मॉल, मोठी ऑफिसं आपल्याच हद्दीत हवी असतात, कारण कर तिथे मिळतो, आणि स्वस्त घरं शेजारच्याकडे जावीत असं वाटतं, कारण घरांबरोबर शाळेचा खर्च येतो. ही ओढाताण जगभर आहे. राज्याने कायदा केला की त्या वर्षानंतर व्यावसायिक आणि औद्योगिक करपात्र मूल्यात जी वाढ होईल तिचा ४० टक्के हिस्सा एका सामाईक खात्यात जाईल आणि ज्या गावांचा करपाया लहान आहे त्यांना त्यातून जास्त मिळेल. कोर्टकचेऱ्या झाल्या, श्रीमंत उपनगरांनी विरोध केला, तरी कायदा टिकला. मी अनेक बैठकांना बसलोय जिथे दोन शेजारच्या नगरपालिका एकमेकांचा आराखडा उघडूनही बघत नाहीत, एकाच्या रस्त्याचं टोक आणि दुसऱ्याच्या रस्त्याचं टोक नकाशावर जुळत नाही, आणि विचारलं तर दोघंही म्हणतात आमचं बरोबर आहे. अशा बैठकीत समजुतीच्या गोष्टी सांगून काही होत नाही. शेजाऱ्याकडे कारखाना आला तरी माझ्या शाळेला पैसा येणार आहे असं कळलं की मग माणसं टेबलाच्या त्याच बाजूला येऊन बसतात.

आता जागा राखण्याचा मुद्दा, जो मी बाजूला ठेवला होता. न्यूयॉर्कचा १८११ चा आराखडा. तेव्हा शहराची वस्ती जेमतेम लाखाच्या आसपास, बेटाच्या दक्षिण टोकाला गोळा झालेली, आणि आयुक्तांनी वर पार १५५ व्या रस्त्यापर्यंत रेघा मारून ठेवल्या, शेतांवरून, टेकड्यांवरून. बांधलं काहीच नाही, फक्त ठरवलं की इथून रस्ता जाईल, ह्यावर घर बांधू नका. पुढची साठ-सत्तर वर्षं शहर त्या रेघांमध्ये भरत गेलं, आणि त्याच रस्त्यांखाली पाण्याचे नळ, मलवाहिन्या, नंतर भुयारी रेल्वे गेली, जिची कल्पनाही १८११ मध्ये कुणाला नव्हती. रेघ मारायला त्या काळी मोजणीदाराचा पगार लागला, एवढाच काय तो खर्च.

पण त्याच आराखड्यात एक मोठं उद्यान राहून गेलं. चाळीस वर्षांनी शहराला जाणवलं, १८५३ मध्ये जमीन घ्यायचा कायदा झाला आणि १८५७ पर्यंत तिथे राहणाऱ्या सुमारे १,६०० माणसांना उठवलं. त्यात सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती, बहुतांश कृष्णवर्णीयांची, स्वतःच्या मालकीच्या जमिनी, चर्च, शाळा असलेली. आज आपण सेंट्रल पार्कचे फोटो बघतो आणि वाहवा करतो, मीही करतो, ते उद्यान नसतं तर ते शहर कसं झालं असतं कल्पना करवत नाही. पण रस्त्यांसाठी रेघ वेळेत पडली म्हणून शहराची पुढची वाढ त्या रेघांना धरून झाली, आणि उद्यानासाठी रेघ उशिरा पडली म्हणून उभं असलेलं गाव पाडावं लागलं. एकाच शहरात, एकाच बेटावर दोन्ही घडलं. म्हणून रिजनचा प्लॅन करणाऱ्यांना माझं सांगणं असतं की तीस वर्षांनंतरची मेट्रो तुम्हाला आज बांधता येणार नाही, तिचे पैसे नाहीत, ठीक आहे, पण तिचा पट्टा आज नकाशावर घ्या. मुख्य मलवाहिनीचा पट्टा घ्या, हाय टेन्शन लाईनचा घ्या, सबस्टेशनची जागा घ्या, ओढ्यानाल्यांच्या दोन्ही काठांची जागा घ्या, शाळेची घ्या. आणि घेतली की राखा, कारण वीस वर्षं रिकामी दिसणारी जागा राखणं हे ती घेण्याहून अवघड असतं.

मघाशी सुरुवातीला एका ताईंनी चिठ्ठी पाठवली होती, तिचं उत्तर देतो आणि थांबतो. त्यांनी विचारलंय, तुम्ही रेघ मारता ती कुणाच्या तरी शेतावर, कुणाच्या तरी घरावर पडते, त्याचं काय?

रास्त प्रश्न आहे. एक रस्ता असा आहे की जमीन काढून घेण्याऐवजी सगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र करायच्या, त्यातून रस्ते, बागा, सुविधांची जागा काढायची आणि उरलेली नीट आखलेले प्लॉट पाडून त्याच मालकांना परत द्यायची, क्षेत्र कमी होतं पण किंमत वाढते. जर्मनीत फ्रँकफर्टसाठी १९०२ मध्ये असा कायदा झाला, तिथले महापौर फ्रान्झ आडिकेस ह्यांनी तो लावून धरला होता, आणि जपानने ही पद्धत इतकी वापरली की तिथल्या शहरांचा मोठा भाग तशाच पद्धतीने आखला गेला. टोकियोच्या बाहेर देनेन-तोशी लाईनच्या कडेची वस्ती अशीच झाली, शेतकऱ्यांनी जमिनीचा वाटा दिला, रेल्वे कंपनीने आखणी आणि बांधकाम केलं, स्टेशन आलं. ह्या पद्धतीत मालक मालकच राहू शकतात.

पण ताई, ह्यात एक माणूस सुटतो आणि तो मला झोपताना आठवतो. जो तिथे भाड्याने राहतो, किंवा दुसऱ्याचं शेत कसतो, किंवा ज्याच्याकडे कागदच नाही. जमिनी एकत्र करायच्या बैठकीला त्याला बोलावत नाहीत, कारण एकत्र करायला त्याच्याकडे काही नसतं, आणि स्टेशन आल्यावर भाडं वाढलं की पहिला तोच जातो, खरं तर त्या स्टेशनची सगळ्यात जास्त गरज त्यालाच होती. म्हणून मी जिथे जातो तिथे आग्रह धरतो की पट्ट्याची रेघ जाहीर होण्याआधी तिथे आज कोण कोण राहतंय ह्याची दारोदार नोंद व्हावी, मालक आणि भाडेकरू दोघांची, आणि सुविधांसाठी जी जागा काढणार त्यातच भाड्याच्या घरांचा हिस्सा पहिल्या नकाशात लिहिला जावा. जमीन स्वस्त असते तेव्हाच हे करता येतं. नंतर मनात कितीही आलं तरी त्या भावाला ती जागा कुणी देत नाही. मागच्या एका बैठकीत हे मांडलं तेव्हा तिथले अधिकारी म्हणाले की मग नोंद करायला सहा महिने जास्त लागतील. मी म्हटलं, लागू द्या, मलवाहिनीला तसेही दहा वर्षं लागणार आहेत.